सासूने विणलेला बुधला

मी एक जुना बुधला आहे. कातड्याचा नव्हे, झुडपाच्या लवचीक काड्यांनी विणलेला आणि आतून-बाहेरून चिडाच्या झाडाची राळ पाजलेला. मित्रांनो, मी अमेरिकेतल्या अपाची जमातीच्या एका सरदाराचे पाणी वाहिले. त्याचे नाव मी सांगणार नाही. आमच्यात गेलेल्या माणसाचे नाव उच्चारत नाहीत. ते कानी पडले की तो पुढची वाट सोडून मागे वळतो.

मला त्याच्या सासूने विणले. आमच्यात सासूने आणि जावयाने एकमेकांचे तोंड पाहायचे नसते. त्यात राग नसतो, मान असतो. म्हणून मी तयार झालो तेव्हा ती झुडपामागे बसूनच लेकीला ओरडून म्हणाली, "पोरी, तुझ्या नवऱ्याला सांग, हा बुधला कड्यावरून गडगडला तरी गळायचा नाही. त्याने आपली अक्कल तेवढी सांभाळावी!"

सरदार झोपडीतून तितक्याच मोठ्याने म्हणाला, "तुझ्या आईला सांग, राळ उरली असेल तर अकलेलाही एक हात मारून दे!"

झुडूप बराच वेळ हसत होते.

पुढे बावीस वर्षे मी त्याच्या खोगिराला लटकून हिंडलो. पाणी आधी मुलांना मिळे, मग जखमींना, मग बाकीच्यांना. तो सर्वांत शेवटी पीत असे. पुष्कळदा फक्त ओठ ओले करी. दर वसंतात तो मला झुडपाशी ठेवून निघून जाई. सासू येऊन जुनी राळ खरवडी, नवी लावी आणि मला भरून तिथेच ठेवी. त्या दोघांमध्ये जे काही बोलणे झाले, ते लेकीच्या तोंडून आणि माझ्या पोटातून.

मग आम्हाला पकडायला गोऱ्यांचे सैनिक आले. आमच्या डोंगरात त्यांना आम्ही सापडत नव्हतो, म्हणून त्यांनी माणसे शोधणे सोडले आणि झऱ्यांवर पहारे बसवले. सहाव्या दिवशी मुले माझी राळ चाटू लागली. सरदाराने आपल्या माणसांसमोर मला उलटे धरले. एक थेंबही पडला नाही. मला पाठीवर टाकून तो खाली उतरला आणि त्याने बंदूक सैनिकांच्या पुढ्यात ठेवली. दोन वर्षांनी डोंगरात परत सोडू, असा शब्द त्यांनी दिला.

त्यांनी सर्वांना एका आगगाडीत कोंबले. सासू आणि जावई एकाच डब्यात! पाच दिवस सरदार भिंतीकडे तोंड करून बसला. पाच दिवस ती डोक्यावरून घोंगडी घेऊन बसली.

"पोरी," घोंगडीतून आवाज येई, "तुझ्या नवऱ्याला सांग, गाडी वळतेय, मान फिरवू नकोस."

"तिला सांग, मान आखडलीय. फिरवायची म्हटली तरी फिरत नाही."

गाडी थांबली ती समुद्राकाठच्या एका किल्ल्यापाशी. तिथे हवाच ओली होती. पाणी सगळीकडे होते, आणि ते पिता येत नव्हते. माणसे खोकू लागली. आधी सरदाराची बायको गेली. दोन वर्षे झाली, तीन झाली. चौथ्या उन्हाळ्यात एका सकाळी सरदारही गेला.

तेव्हा म्हातारी आत आली. तिने डोक्यावरची घोंगडी काढली आणि त्याच्याकडे पाहिले. पहिल्यांदाच.

"असा होतास होय," ती म्हणाली. "डोळे किती खोल गेले रे."

आमच्यात गेलेल्याच्या वस्तू त्याच्याबरोबर पाठवतात. त्या जाळतात, मोडतात, म्हणजे त्या त्याला वाटेत भेटतात. म्हातारीने मला भरले, चार थेंब जमिनीवर सांडले, उरलेले ओतून दिले आणि अंगणात जाळ पेटवला.

तेवढ्यात मिसेस व्हीलॉक आल्या. त्या किल्ल्यातल्या आजाऱ्यांना कपडे आणि सूप वाटत. त्या धावल्या आणि त्यांनी मला पकडले. "अहो, हे काय करताय? इतकी सुरेख वस्तू! द्या माझ्याकडे, मी जिवापाड जपेन."

म्हातारीने मला सोडले नाही. ती त्यांच्याबरोबरच्या दुभाष्याला म्हणाली, "तिला सांग, माझा जावई तहानलेला निघालाय."

दुभाषा आमच्यातलाच होता. त्याने शब्द न् शब्द सांगितला. मिसेस व्हीलॉक यांच्या डोळ्यांत पाणी आले. त्यांनी एका हाताने डोळे पुसले, दुसऱ्या हाताने मला धरूनच ठेवले. मग एका शिपायाने म्हातारीची बोटे एकेक करून सोडवली.

मिसेस व्हीलॉक यांनी शब्द पाळला. मला खरोखर जपले. आता मी एका मोठ्या शहरात काचेच्या कपाटात आहे. धूळ नाही, ऊन नाही, कसर नाही. माझ्या खाली एक पाटी आहे आणि पाटीवर त्याचे नाव आहे. शाळेच्या सहली येतात. परवा एक मुलगी म्हणाली, "बाई, हे नाव कसं म्हणायचं?" बाईंनी साऱ्या वर्गाकडून ते तीनदा मोठ्याने म्हणवून घेतले. तीनदा तो मागे वळला असेल. इतक्या वर्षांत तो किती पावले पुढे गेला असेल, मला ठाऊक नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असे तुम्हाला शिकवतात. ते चुकीचे नाही. पण वस्तू जपण्याआधी ती कुणाची आहे, हेही विचारा. माझ्यापुढे आलात तर पाटी मनातल्या मनात वाचा. आणि मोठेपणी कधी या कपाटाची किल्ली तुमच्या हाती आली, तर मला बाहेर काढा, माझ्यात पाणी भरा, ते जमिनीवर ओता आणि मला जाळात टाका. राळ चटकन पेटते.

गेल्या आठवड्यात एक तज्ज्ञ मला तपासून गेले. मी आणखी दोनशे वर्षे सहज टिकेन, असे ते आनंदाने म्हणाले.