न घेतलेलं नाव

नाव टाळून बोलण्यात बुरुलचाची वीस वर्षं गेली होती. सासऱ्याचं नाव बुलाक, म्हणजे झरा; सुनेनं ते उच्चारायचं नाही. म्हणून झऱ्याला ती 'वाहतं' म्हणायची. म्हातारा कबरीत गेला, तरी किर्गिझ सुनेची जीभ काही मोकळी होत नाही. म्हणूनच बिश्केक शहरातल्या डॉक्टर चोल्पोनायबाईंनी तिच्या मुलीच्या, आयझिरेकच्या, मानेतल्या गाठीचा तुकडा तपासून "लिम्फोमा, गाठींचा कॅन्सर" असं सांगितलं, तेव्हाही तिनं तेच केलं. पोरीला म्हणाली, "क्षय आहे गं, गाठींत उतरलाय." नणंद सायराकाननं तर दटावूनच ठेवलं होतं, "त्याचं नाव काढलंस तर पोर अर्धी तिथंच मरेल."

पहिल्या सलाईनमधल्या लाल औषधानं गाठ बसली आणि केस गेले. आज दुसरी बाटली टांगली, तर आयझिरेक डोक्याला रुमाल बांधून, बोचकं मांडीवर घेऊन बसलेली.

"गाठ गेली ना? मग हे लाल विष कशाला? मी गावी, कुरणावर चालले."

"अगं, डॉक्टर म्हणतात..."

"गावात किती जणांना क्षय झाला! गोळ्या खाल्ल्या, बरे झाले. टक्कल कुणाला पडलं? एरमेककाकाला? तो आधीपासूनच टकल्या!"

एरवी बुरुलचा हसली असती. डॉक्टरीणबाईंनी तिला दाराबाहेर नेलं.

"गाठ दबलीय, मेलेली नाही. आज सोडलंत तर ती चवताळून येईल, मग माझ्या हातात काही उरणार नाही. आज आहे. पण पोरगी सज्ञान आहे, जबरदस्ती करता येत नाही. खरं सांगा तिला."

"वहिनी, खबरदार!" मागोमाग आलेल्या सायराकाननं तिची बाही धरली.

"वन्सं, न बोलून ती वाचणार आहे का हो?"

बुरुलचानं बाही सोडवली. या खुदा, जीभ तूच दिलीस, आता तूच उचल, असं मनात म्हणत ती खाटेशी आली.

"आयझिरेक, क्षय नाही. कॅन्सर आहे."

पोरीनं क्षणभर पाहिलं आणि ओठ वाकडे केले. "वा! मला इथं अडकवायला आता हे नवीन काढलंस? काल क्षय, आज कॅन्सर, उद्या काय? तुझं कुठलं खरं मानू?"

बुरुलचाला उमगलं: इतके दिवस खोटं शिजवून वाढलं, आता खऱ्यालाही तोच वास! मुलीनं बोचकं उचललं. दारापाशी पोचलीसुद्धा.

"बुलाक!" आई ओरडली. "माझे सासरे बुलाक, त्यांच्या कबरीची शपथ! बुलाकच्या नातीशी मी आता खोटं बोलत नाही!"

सायराकान मटकन खाली बसली. बापाचं नाव भावजयीच्या तोंडून तिनं कधी ऐकलं नव्हतं.

आयझिरेक दारातच थिजली. तिचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं विचारलं, "मरेन का मी?"

"ठाऊक नाही, बाळा. बरी होशील, असं म्हणतात. पण सलाईन सोडलीस तर नाही."

पोर परतली. आईला वळसा घालून खाटेवर पडली, भिंतीकडे तोंड करून. नर्स सुई घेऊन ताटकळली होती.

"माझ्याशी बोलू नकोस," आयझिरेक भिंतीला म्हणाली, आणि एक हात तसाच मागे, नर्सकडे केला.