मुठी उबवणारी कोंबडी

सुताराची एकुलती एक लेक सासरी गेली, त्या वर्षीची ही गोष्ट. घर खायला उठलं म्हणून सुतारणीने एक कोंबडी आणली. बोक्याला कुणी विचारलंच नाही.

त्या बोक्याला सगळे साहेब म्हणत. कामाच्या खोलीत रंध्याखालच्या मऊ सालपटांनी भरलेली एक पेटी होती. दारांसाठी ओल्या लाकडाच्या गोल मुठी घडवल्या की सुतार त्या तिच्यात पुरून ठेवी, म्हणजे त्या सावकाश सुकत, तडकत नसत. वर साहेब एकटे झोपत.

कोंबडीने सालपटं उकरली, मुठी पाहिल्या आणि सरळ त्यांच्यावर ठाण मांडलं.

"ही माझी जागा आहे," साहेब गुरगुरले.

"हळू बोला. पिल्लं झोपलीत."

"अगं, ती लाकडं आहेत."

"बापावर गेली असतील," म्हणत कोंबडीने पंख आणखी पसरले.

साहेबांच्या अंगाचा तिळपापड झाला. ती दाणे टिपायला गेली की ते मुठी पंजाने ढकलून खोलीभर पसरत आणि झोपेचं सोंग घेत. एकदा सुताराचा पाय मुठीवर पडला आणि तो धाडकन आपटला.

"अहो, लागलं का?" सुतारीण धावली.

"मला कुठलं, जमिनीला लागलं. तुझी ती कोंबडी आधी गवळ्याकडे धाड."

कोंबडी समोरच्या गवळ्याकडे गेली. सुतारणीने तिचं दाण्याचं वाडगं धुतलं आणि लेकीच्या ताटाशेजारी पालथं घातलं.

पेटी साहेबांची झाली. ते मधोमध झोपले, मग कडेला झोपले. सालपटं गारच लागत होती, आणि भांडायलाही कुणी नव्हतं.

सकाळी त्यांनी सगळ्यांत गुळगुळीत मूठ निवडली आणि ढकलत ढकलत रस्त्यापलीकडे नेली. गवळ्याच्या दारात कोंबडी फुगून बसली होती.

"धाकटं रडतंय," साहेब भलतीकडेच बघत म्हणाले.

"लाकडं रडतात होय?"

"बापावर गेलंय."

पुढे मूठ, मागे साहेब आणि त्यांच्यामागे कोंबडी, अशी वरात परत आली. मूठ कोण ढकलतंय, ते सुताराने नीट पाहिलं आणि कंबर चोळली.

"अगं, ते वाडगं सुलटं कर," त्याने आत हाक दिली.

बाकीच्या मुठी सुकून दारांना लागल्या. ती एक मात्र सुताराने पेटीतच राहू दिली.

लेकीला दुसरं मूल झालं, त्या वर्षी थंडीत कोंबडी मेली. उन्हाळ्याच्या तोंडी साहेब मेले.