ज्याला येतं त्यानेच

घरात एखादी गोष्ट नीट येणं यासारखा दुसरा गुन्हा नाही. चहा चांगला जमला की जन्मभर चहा तुमच्या गळ्यात. धाकटीला तर पट्टी बांधता यायची, नाडी मोजता यायची, अंथरुणाला खिळलेल्या माणसाला न उठवता त्याच्या खालची चादर बदलता यायची. मग काय विचारता! तीन वर्षं ती बाबांच्या पलंगाला जुंपलेली होती, आणि घरात सगळे म्हणायचे की तिला याची आवडच आहे.

हे सगळं शिकवलं होतं बाबांनीच. कारखान्याच्या प्रथमोपचार खोलीत ते ड्रेसर होते, जखमा धुऊन बांधणारे. कुणाचं बोट कापलं, कुणाच्या डोळ्यात लोखंडाचा कण गेला, की माणूस आधी बाबांकडे यायचा, डॉक्टरकडे नंतर. त्या खोलीत त्यांचा एकच कायदा होता: ज्याला येतं त्यानेच हात लावायचा, बाकीच्यांनी चार पावलं मागे. सुटीच्या दिवशी ते घरी दोन्ही पोरांना समोर बसवायचे. भाजलं तर नळाखाली धरायचं, टूथपेस्ट फासलीत तर थोबाड रंगवीन. नाकातून रक्त आलं तर मान पुढे घ्यायची, मागे नाही. दादा तेव्हा चौदा वर्षांचा होता, धाकटी नऊ. एकदा बाबांनी स्वतःच्या अंगठ्याची जखम उघडून दाखवली, तर दादाला भोवळ आली. आली की आणली, ते त्याचं त्यालाच ठाऊक. बाबा म्हणाले, "जा रे, तू अभ्यास कर. तुला कशाला हवंय हे." दादा उठला तो कायमचा. धाकटीला ऊठ असं कुणी म्हणालं नाही, आणि खरं सांगायचं तर तिलाही उठायचं नव्हतं. बाबा तिच्या हाताकडे बघून "अस्सं" म्हणायचे ना, त्यावर ती आठवडा काढायची.

पुढे आई आजारी पडली, तेव्हा कॉलेज सुटलं धाकटीचं. आई गेली. मग बाबांना अर्धांगवायूचा झटका आला, डावी बाजू गेली, बोलणं जड झालं. दादा, वहिनी, धाकटी, सगळे एकाच घरात. पण नियम तोच, ज्याला येतं त्यानेच. दादा दारातून विचारायचा, "काय म्हणतात बाबा?" आणि चार पावलं मागे जायचा. कायद्याचा फार पक्का.

आता बघा, धाकटीला पस्तिसावं संपत आलेलं. दुसऱ्या गावातल्या एका मोठ्या इस्पितळाने रुग्णसेविकांचा अभ्यासक्रम काढला होता. सहा महिने तिथेच राहायचं, मग प्रमाणपत्र, मग तिथेच नोकरी. वयाची अट पस्तिशीच्या आत. तिने गुपचूप अर्ज केला आणि निवड झाली. पत्रात लिहिलं होतं की सोमवारी सकाळी दहाला हजर नसाल तर जागा पुढच्या उमेदवाराला जाईल. म्हणजे ही संधी गेली की पुन्हा नाही.

दादाने पत्र दोनदा वाचलं. "छान आहे," तो म्हणाला, "पण बाबांचं?"

"तुला शिकवते. चार दिवस आहेत."

वहिनीने लगेच हात वर केले. तिचं पोट म्हणे फार नाजूक. दादाला मात्र तोंडावर नाही म्हणवेना.

गुरुवारी धाकटीने त्याला चादर शिकवली. माणसाला कुशीवर वळवायचं, जुनी चादर पाठीशी गुंडाळत न्यायची, तिच्यामागोमाग नवी घालायची. सांगितल्याशिवाय अंगाला हात लावायचा नाही. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. धाकटीने हात लावला की बाबा हलके व्हायचे. दादाने लावला की ओल्या वाळूच्या पोत्यासारखे पडून राहायचे आणि कण्हायचे. शुक्रवारी भरवणं. पाठ उंच करायची, चमचा अर्धाच भरायचा, गिळल्याशिवाय दुसरा घास नाही. दादाने मऊ भाताचे सहा चमचे दिले आणि निम्मा भात बाबांच्या सदऱ्यावर आला. मग ठसका लागला. दादा घाबरून पांढरा पडला.

"नाही जमत गं मला. उद्या यांना काही झालं तर?"

शनिवारी तेच. धाकटीचा जीव टांगणीला लागला. दादा मन लावून करत होता, हे तिला दिसत होतं. हात धुऊन, बाह्या वर करून, घाम पुसत. पण बाबांच्या पोटात काही जाईना. दिवसभरात दोन वाट्यासुद्धा नाहीत. वहिनी दारात येऊन म्हणाली, "उपाशी मारायचं का म्हाताऱ्याला? तुम्ही जाल निघून." धाकटी त्या दिवशी बॅग भरणार होती. तिने ती पुन्हा कपाटावर ठेवून दिली.

रविवारी दुपारी दादाचं भरवणं झालं, तो हात धुवायला गेला. धाकटीने बाबांचं तोंड उघडून आत बोट फिरवलं. अर्धांगवायूच्या माणसाचा लुळ्या बाजूचा गाल बघायचा असतो. तिथे अन्न साठतं, त्याला कळत नाही. ही बाबांचीच शिकवण. डावा गाल रिकामा होता. सवयीने तिने उजवाही बघितला. तिथे भाताचा लिंबाएवढा गोळा होता. उजव्या गालात. चांगल्या. जिथे अन्न आपोआप कधीच अडकत नाही, माणसाने धरून ठेवलं तरच राहतं.

तिने गोळा काढून वाटीत ठेवला आणि बाबांकडे बघितलं. कारखान्यात चाळीस वर्षं कामचुकारांची सोंगं ओळखणारा माणूस तो. त्याने नजर चुकवली.

"बाबा, चांगल्या बाजूला कसा राहिला घास?"

 आता खोटं कशाला बोलू, धाकटीला क्षणभर बरंच वाटलं. तीन दिवस म्हातारा उपाशी राहिला तो आपल्यासाठी, त्याला आपलाच हात हवाय, असं तिला वाटलं. डोळे भरून आले तिचे. ती जवळ बसली. "मी गेलेली नको आहे का तुम्हाला?"

बाबांनी मान हलवली. नाही, तसं नव्हतं. मग जड जिभेने, एकेक शब्द ओढत ते म्हणाले, "त्याला... नको लावू... या कामाला."

"का?"

"शिकलेला मुलगा. बापाचं हगणंमुतणं... त्याने काढायचं? मला... बघवत नाही."

"आणि मी?"

बाबांना या प्रश्नाचं नवलच वाटलं. त्यांनी तिच्याकडे पूर्वी बघायचे तसंच बघितलं, कौतुकाने.

"तुला येतं," ते म्हणाले.

धाकटी उठली. तिने वाटी घासली, बाबांचं तोंड पुसलं, कूस बदलली. मग कपाटावरची बॅग काढली आणि भरली. दादाला एवढंच सांगितलं, "दोन्ही गाल बघत जा. उजवा आधी." सोमवारी पहाटेच्या बसने ती गेली. बाबा जागे होते. तिने नमस्कार केला नाही, केला असता तर पाय निघाला नसता. रागाचा एवढा एक उपयोग असतो.

तिथे पहिल्याच दिवशी शिकवणाऱ्या सिस्टरने सगळ्यांसमोर तिला चादर बदलायला लावली आणि विचारलं, कुठे शिकलात? घरीच, धाकटी म्हणाली. जेवणाच्या वेळी मात्र तिला घास उतरेना. आपण शिकायला म्हणून आलो आणि तिकडे बाप उपाशी, पाठीला जखमा पडल्या असतील, ठसक्यात जीव गेला असेल. आपण माणूस की कोण, असं वाटायचं तिला. तीन दिवस तिने फोन उचलून पुन्हा खाली ठेवला. गुरुवारी धीर करून लावला.

दादाचा आवाज अगदी मोकळा होता. "अगं, मजेत आहेत! सांभाळायला बाई ठेवली. दिवसाची एक, रात्रीची एक. चांगल्या आहेत दोघी."

"जेवतात?"

"वाटी चाटूनपुसून. काही कुरकुर नाही."

"कधी ठेवलीस?"

"तू गेलीस त्याच दुपारी. आमच्या ऑफिसातल्या एकाच्या वडिलांना आहेच बाई. त्याच्याकडून नंबर घेतला, एक फोन केला, संध्याकाळी हजर. तू उगाच घोर लावून घेतलास."

"एक फोन," धाकटी म्हणाली. "मग दादा, हा फोन तीन वर्षांत का नाही केलास?"

दादाच्या मनात काही वाईट नव्हतं. त्याला खरोखरच प्रश्न कळला नव्हता.

"अगं, तू होतीस ना," तो म्हणाला.