बसका ओटा

"काळा दगड सैपाकघरात? मसणवटीतला दगड घरात आणलास व्हय रं गोरोबा?"

केशरबाईनं विचारलं तेव्हा गोरोबा गवंडी आणि त्याचा भाऊ कडप्प्याची लांब फरशी बैलगाडीतून उतरवत होते. दोघांच्या मानेच्या शिरा ताठल्या होत्या. पण म्हातारीला उत्तर दिल्याशिवाय उंबरा ओलांडता येत नाही, हे गोरोबाला जुन्या अनुभवानं ठाऊक होतं.

"मावशी, काळ्यावर डाग दिसत न्हाई."

"मंग बरंच की. डाग दिसत न्हाई म्हंजी पुसायचं काम न्हाई. सूनबाईनंच निवडला असंल."

आत नीलम्मा भांड्यांची मांडणी पुसत होती. तिनं ऐकलं, पण मान वर केली नाही. ती उमरग्याकडची. लग्नाला सात वर्षं झाली, तरी केशरबाईच्या लेखी ती अजून 'कानडी मुलखातली' होती. आणि गप्प बसणाऱ्या माणसावर केशरबाईचा कधीच भरवसा नव्हता. भांडणारी बाई परवडली; तिच्या मनातलं निदान अंगणात तरी सांडतं.

केशरबाईचा मुलगा सिद्धेश्वर गावच्या दूध सोसायटीचा सेक्रेटरी. यंदा सोसायटीनं गोबर गॅसचं मनावर घेतलं होतं आणि पहिला खड्डा सेक्रेटरीच्याच परसात खणायचा, असं ठरलं. बहात्तरच्या दुष्काळाला नऊ वर्षं झाली होती, तरी कळंब-येडशीच्या त्या पट्ट्यात उन्हाळ्यात पाणी घागरीनंच मोजलं जायचं. लोखंडी टाकी खड्ड्यात पालथी बसली त्या दिवशी केशरबाईनं साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं विचारलं होतं, "माणसाला एक घागर अन् शेणाला दोन? ह्ये कोन्च्या साह्यबाचं डोकं म्हनायचं?"

गॅस आला म्हणून शेगडी आली. शेगडी आली म्हणून उभा ओटा आला. आणि ओटा आला म्हटल्यावर सगळं स्वैपाकघरच बदलायला निघालं. भिंतींना पोपटी ऑईलपेंट लागला. केशरबाईला त्याचा चकाकता रंगच पटत नव्हता.

"सारवलेली भित कशी, पोटच्या लेकरावानी असती. अंधारात हात फिरवला तरी वळखती. ही बघ, त्याल प्यालेल्या पैलवानावानी निसती चमकतीय."

ओट्यासमोर खिडकी काढली, तर ती म्हणाली, "रस्त्यानं जानाऱ्याला आपल्या तव्यावर काय हाय ते दिसाया पायजे, न्हाई का?"

"आई, धूर बाहेर जाया," सिद्धेश्वर म्हणाला.

"गॅसला धूरच नसतो म्हनलास न्हवं परवा? मंग जानार काय, तुझी अक्कल?"

पण धूर नसण्याचीच तिला खरी धास्ती होती. बहात्तर साली घरात दाणा नव्हता, तेव्हा दोन दिवस तिनं रिकाम्या मडक्यात पाणी ठेवून खाली गोवऱ्या पेटवल्या होत्या, शेजारच्या जाईबाईला धूर दिसावा म्हणून. धूर होता तोवर घराची अब्रू होती. आता हे बिनधुराचं घर. आत काय शिजतंय, काय नाही, बाहेरच्याला कळायचं कसं? आणि आतल्याला तरी?

दुसरी धास्ती तिनं कुणालाच सांगितली नव्हती. त्याच दुष्काळात तलावाच्या कामावर खडी फोडून तिचा उजवा गुडघा गेला होता. पाटावर बसून, उजवा पाय लांब करून ती अजूनही वीस भाकरी थापत असे. उभं राहून मात्र तिला दोन भाकऱ्यांपुरतंही निभावत नव्हतं. उभा ओटा म्हणजे आपण कुठं? पडवीत. पडवीत बसून लसूण सोलायचा, आणि आतून ताट येईल तेव्हा खायचं. भाकरी जिच्या हातात, घर तिच्या हातात, हे केशरबाईनं स्वतःच्या सासूच्या हातून भाकरी काढून घेतली तेव्हापासून तिला पुरतं माहीत होतं.

म्हणून तिनं नजर ठेवली.

पहिली गोष्ट तिच्या नजरेत आली ती सुतळी. जुनी चूल अजून मोडली नव्हती. सकाळी केशरबाई काठवटीत पीठ मळत होती आणि नीलम्मा पळी शोधायच्या निमित्तानं मागं वाकली. केशरबाईनं डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. सुनेनं सुतळीचं एक टोक जमिनीला टेकवलं, केशरबाईच्या लांब केलेल्या पायाच्या गुडघ्यापाशी गाठ मारली, मग कोपरापाशी दुसरी. आणि सुतळी पदरात लपवली.

केशरबाईच्या हातातलं पीठ तसंच राहिलं. त्यांच्या लिंगायतांत माणसाला पुरतात ते बसवून. खड्डा खणायचा म्हणजे बसल्या माणसाचा अंदाज घ्यावा लागतो. जिवंत माणसाचं बसलेलं माप कुणी घेतं का?

दुसरी गोष्ट घडली ती नीलम्माचा भाऊ आला तेव्हा. दोघं परसात कानडीत बोलत होते. केशरबाईला त्यातला 'अत्ती' एवढा एकच शब्द कळला. अत्ती म्हणजे सासू. बोलता बोलता नीलम्मानं तळहात जमिनीपासून हातभर उंचीवर धरून दाखवला. भाऊ हसला.

"सासूला येवढी करून टाकली म्हनती," केशरबाईनं जाईबाईला सांगितलं. "येवढीशी. हातभर."

जाईबाईनं पानाला चुना लावला. "माझी ननंद नागूबाई ठाव हाय न्हवं? तिच्या घरात बी असंच झालं. आदी दोन चुली. मंग दोन दारं. आता सणाला बी एकमेकीकडं बघत न्हाईत."

"आमच्यात दोन चुली कुठं हायत?"

"बघ बाई. म्या काय म्हनत न्हाई."

आणि चार दिवसांत केशरबाईला त्या दोन चुली दिसल्या. जुनी चूल मोडली तेव्हा तिनं स्वतः हळदकुंकू वाहून तिची माती लिंबाच्या बुडाशी नेऊन टाकली होती. तेव्हापासून स्वैपाक अंगणात तीन दगडांवर चालला होता. आत मात्र चुलीच्या जागी, त्याच कोपऱ्यात, गोरोबानं आणखी एक ओटा बांधला. हा बसका होता, जमिनीपासून हातभर. दोन बाजूंना विटांचे दोन ठोकळे, वर कडप्पा, आणि मधे नुसती पोकळी.

"ह्ये काय? कोंबड्या डालायला?"

"न्हाई मावशी, असंच..." गोरोबानं थापीवरचं सिमेंट उगाच खरवडलं. "वैनीनी सांगितलंय."

आणि मग टाकीकडून आलेली नळी. भिंतीतून आत येऊन ती दोन बाजूंना फाकली होती. एक फाटा उभ्या ओट्याकडं, दुसरा बसक्याकडं. केशरबाई त्या फाट्यासमोर किती तरी वेळ उभी राहिली. एका नळीच्या दोन नळ्या, एका घरात दोन शेगड्या. वर तिची चूल आणि खाली, कोपऱ्यात, हातभर उंचीवर म्हातारीची. आपलं आपण शिजवा, आपलं आपण खा. माप आधीच घेतलेलं होतं.

आता तिच्या मनात शंका उरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सिद्धेश्वर आणि नीलम्मा सकाळच्या एसटीनं कळंबला शेगड्या आणायला गेले. गोरोबा आवराआवर करायला आला होता. केशरबाई स्वैपाकघराच्या दारात आडवी बसली.

"त्यो बसका वटा मोड."

गोरोबाला वाटलं म्हातारी थट्टा करतेय. "मावशी, आत्ता कुठं वाळलाय त्यो."

"वाळला म्हनूनच मोड. वल्ला असता तर म्याच लाथ मारली असती."

"वैनीला येऊ द्या. त्येंला इचारून..."

"घर कुनाचं रं? ह्या घराच्या पायात म्या माती तुडवलीय. एका घरात दोन चुली म्या जित्ती असताना न्हाई व्हनार. मोडतोस का जाईबाईच्या मालकाला हाक मारू?"

गोरोबानं घण उचलला. दोन घावांत कडप्पा मधोमध फुटला. आवाज एवढा झाला की लिंबावरचे कावळे उडाले. एका ठोकळ्याची वरची वीट ढासळली. केशरबाईनं समाधानानं नाकातून श्वास सोडला.

गोरोबानं हत्यारं पोत्यात भरली. जाताना खिशातून काहीतरी काढून त्यानं तिच्यापुढं धरलं. सुतळी. दोन गाठींची.

"ही वैनीची. ऱ्हावूंद्या तुमच्यापाशी."

केशरबाईनं हात मागं घेतला. "तुझ्याकडं कशी आली? काय करनी हाय ही?"

"कसली करनी, मावशी? माप हाय तुमचं. ही खालची गाठ तुमच्या गुडघ्याची, ही वरची कोपराची. मधी दगड बसवायचा. म्हातारीचा पाय खालनं लांब जाया पायजे, अन् हाताला वाकाया लागू नये, असं म्हनल्या वैनी. पोकळी त्येच्यापायीच ठिवली हुती."

"मंग सांगितलं का न्हाईस, मुडद्या?"

"वैनीनी शपथ घातली हुती. म्हनल्या, आत्याबाईला आदी सांगितलं की त्या नगं म्हनत्यात. चालाया काठी आनली तर चुलीत घातली त्यांनी. बांधून झाल्यावर आपसूक बसतील." गोरोबानं पोतं खांद्यावर टाकलं. "आता मोडलंच, तर लपवून काय करायचं?"

"परत बांध."

"कशानं बांधू? दगुड मधोमध गेला. असला कडप्पा आपल्याकडं कुठं गावतोय? ह्योच सोसायटीच्या ट्रकातनं मागवला हुता."

तो गेला. केशरबाई उठली, भिंतीला धरून कोपऱ्यात गेली. फुटक्या दगडाचे दोन तुकडे तिनं बाजूला सारले. पाट ओढला, त्यावर बसली आणि उजवा पाय लांब केला. दोन ठोकळ्यांच्या मधून तो सरळ गेला. कुठं अडला नाही, कुठं घासला नाही. कोपरं तिनं हवेत टेकवली, जिथं दगड असायला हवा होता तिथं.

संध्याकाळी दोघं आले. सिद्धेश्वरच्या दोन्ही हातांत दोन शेगड्या होत्या. त्यानं कोपरा पाहिला आणि त्याचा आवाज चढला. "आई! ह्ये कुनी केलं?"

"म्या करायला लावलं. एका घरात दोन चुली नसत्यात."

"अगं पर त्यो वटा..."

"ऱ्हावूंद्या," नीलम्मा मधेच म्हणाली. ती फुटक्या दगडाकडं पाहत होती. मग सासूकडं पाहून म्हणाली, "बरं, आत्याबाई. दोन्ही शेगड्या वरच ठिवू."

एवढंच. एक शब्द जास्त नाही. केशरबाईला वाटलं, हिनं भांडावं. काठवट आपटावी, कानडीत शिव्या घालाव्यात. पण ती हातपाय धुवायला परसात गेली. आणि आज पहिल्यांदाच तिच्या गप्प राहण्यात केशरबाईला डाव शोधता येईना.

सकाळी पूजा झाली. शेगडीला हळदकुंकू लागलं, दूध उतू घातलं. निळा जाळ पाहून जाईबाई म्हणाली, "अगं बया, जाळ दिसतोय का न्हाई त्येच कळंना." धूर मात्र खरंच नव्हता. पहिली भाकरी कुणी टाकायची यावर सिद्धेश्वर बोलला, "नीला टाकंल. आई, तू बस."

"का? म्या मेले का?"

केशरबाई पदर खोचून ओट्यापाशी उभी राहिली. काठवट वर ठेवली. पीठ मळलं, गोळा केला, थापायला लागली. उभ्यानं थापताना आवाज वेगळा येत होता, दगडाचा, चपट. पहिली भाकरी तव्यावर गेली. दुसरीला गुडघ्यातून कळ निघाली ती कमरेपर्यंत गेली. तिनं सगळा भार डाव्या पायावर घेतला आणि उजवा हवेत तसाच अधांतरी ठेवला. कपाळावर घाम आला. खिडकीतून जाईबाई बघत होती, म्हणून तिनं हात थांबवला नाही.

पूजेआधी फुटका दगड परसात नेऊन टाकला होता; नीलम्मा मागच्या दारानं तिकडं गेली. परतली तेव्हा तिच्या कडेवर फुटक्या कडप्प्याचा अर्धा तुकडा होता आणि हातात दोन विटा. ती सासूच्या पायाशी खाली बसली. विटा मांडल्या, वर दगड ठेवला, आणि म्हातारीचा उजवा पाय दोन्ही हातांत धरला.

तिच्या डोळ्यांसमोरच केशरबाईच्या कमरेला पानसुपारीची चंची लटकत होती. कालपर्यंत त्या चंचीचं तोंड लाल नाडीनं बांधलेलं असायचं. आज तिथं सुतळी होती. दोन गाठींची.

नीलम्माचे हात क्षणभर थांबले. मग तिनं पाय अलगद दगडावर टेकवला.

केशरबाईनं खाली पाहिलं नाही. खिडकीबाहेरच बघत ती म्हणाली, "हलतोय त्यो. एका बाजूनं दगडाची चीप घाल."

"व्हय, आत्याबाई."

केशरबाईनं तिसऱ्या भाकरीचा गोळा हातात घेतला.