नवरीची आई

इंग्लंडच्या धाकट्या राजपुत्राचं लग्न सगळ्यांनी मिळून पार्कात बघायचं, ही कल्पना मंजुषाची. लग्न तिकडे दुपारचं, म्हणजे इकडे अमेरिकेत, नोव्हायमध्ये सकाळी सातचं. "एवढ्या सकाळी कोण कडमडायला येतंय!" असं उल्का म्हणाली होती. पण मंजुषानं तळ्याकाठचं छपराचं पिकनिक शेल्टर बुक करून टाकलं, ग्रुपवर 'पैठणी आणि हॅट कंपल्सरी' असा मेसेज टाकला, आणि त्यानंतर कोणाची नाही म्हणायची टाप नव्हती. नोव्हायच्या मराठी मंडळींत मंगळागौर असो, कोणाचं केळवण असो, गेली पंचवीसेक वर्षं पुढे मंजुषाच असायची. तिचा नवरा सत्यजित गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर होता. तो कमी बोलायचा आणि तिच्यामागून खुर्च्या उचलायचा.

उल्का तिची सगळ्यात जवळची मैत्रीण. उल्का आणि तिचा नवरा मनोहर ही दोघं या देशात तिला भावा-बहिणीच्या जागी होती. मंजुषाची हिमानी आणि उल्काची अदिती दोन्ही घरांत मिळून वाढल्या. भूक लागली की जे स्वयंपाकघर जवळ असेल तिथे शिरायचं, असा हिशोब.

मे महिना असला तरी सकाळी चांगलाच गारठा होता. ओल्या गवतावर कॅनडा गीज हे रानहंस मान ताठ करून फिरत होते. मनोहरनं बेसमेंटमधला टीव्ही आणून टेबलावर उभा केला आणि एक्स्टेन्शन कॉर्ड जोडली. मंजुषानं काकडीची सँडविचेस केली होती, पण आत हिरवी चटणी. "राणीला ठसका लागेल," मनोहर म्हणाला. बटाटेवडे होते, आल्याचा चहा होता. बायकांनी पैठण्यांवर जॅकेटं चढवली होती आणि डोक्यावर कागदी फुलं खोचलेल्या हॅट. कुत्री फिरवणारे लोक थांबून फोटो काढत होते. एक अमेरिकन आजी तर जांभळी, सुपाएवढी हॅट घालून घरूनच आल्या होत्या. मंजुषानं त्यांना पहिल्या रांगेत बसवलं आणि हातात वडा दिला.

नवरी गाडीतून उतरत होती तेवढ्यात शिवांगी धावत आली. ती आणि तिचा नवरा अमन नुकतेच फिनिक्सजवळच्या चँडलरहून बदली होऊन आले होते. मंजुषाची आणि तिची ओळख इंडियन ग्रोसरीतली, कोथिंबिरीच्या जुड्या निवडताना झालेली. मंजुषानं तिला तिथेच आमंत्रण दिलं होतं. "सॉरी काकू, वाट चुकले," म्हणत ती मागच्या बाकावर टेकली.

पडद्यावर नवरी एकटीच चर्चच्या पायऱ्या चढली. मागे लांबलचक पांढरा शेला, आणि शेजारी कोणी नाही.

"वडील नाही आले ना," कोणीतरी म्हणालं. "तब्येत बरी नाही म्हणतात."

"आई आलीय. ती बघ, हिरव्या ड्रेसमध्ये. एकटीच बसलीय गं."

"आलीय तरी," मंजुषा म्हणाली. तिच्या आवाजात ठसका होता. "तब्येत असो की भांडण असो, पोटच्या मुलीच्या लग्नाला जायचं नाही म्हणजे काय? मी तर सरपटत गेले असते."

उल्का एकदम उठली आणि "चहा कोणाला हवाय?" म्हणत थर्मासचं झाकण फिरवायला लागली.

"आमच्याकडे सेम असंच झालं होतं यार," मागून शिवांगी म्हणाली. ती डोळे पुसत होती. "चँडलरला, फेब्रुवारीत. नवरा अमनच्या टीममधला, अनीश म्हणून. नवरी अशीच एकटी चालत आली मांडवात. तिच्या आईला लग्न मान्य नव्हतं म्हणे. मी इतकी रडले ना!" मग तिचं लक्ष थर्मास धरलेल्या उल्काकडे गेलं आणि तिचा चेहरा उजळला. "अय्या, मावशी! तुम्हीच ना त्या? तुम्ही आणि काकांनीच कन्यादान केलंत ना हिमानीचं?"

मंजुषा आधी हसली. कोणती हिमानी, असं विचारायला तिनं तोंडही उघडलं. पण उल्काकडे बघितल्यावर तिला ते विचारावं लागलं नाही. मग तिनं मनोहरकडे पाहिलं. तो एक्स्टेन्शन कॉर्डकडे बघत होता. अदिती तर केव्हाच मान खाली घालून बसली होती.

अनीशचं नाव मंजुषाच्या कानावर पहिल्यांदा पडलं ते दोन दिवाळ्यांपूर्वी. हिमानी नोकरीसाठी चँडलरला गेली होती, तिथे तिला तो भेटला. मूळचा इंदूरचा, स्वभावानं शांत, चांगल्या नोकरीतला. पण घटस्फोटित, आणि चार वर्षांची मुलगी त्याच्यापाशी. हिमानीनं हे सगळं आईला करंज्या तळताना सांगितलं. मंजुषाच्या हातातला झारा तसाच राहिला. "दुसरीनं मोडलेला संसार आवरायला तुला वाढवलं का?" ती म्हणाली. आणि शेवटी म्हणाली, "केलंसच हे लग्न, तर त्या मांडवात मी पाऊल ठेवणार नाही."

हिमानी भांडली नाही. त्यानंतर तिनं तो विषयच काढला नाही. दर रविवारी फोन यायचा. हवापाणी, ऑफिस, भाजी काय केलीस. मंजुषाला वाटलं, मिटलं प्रकरण. अलीकडे मात्र तिलाच कधीकधी विचारावंसं वाटायचं, की गं, तो मुलगा कसा आहे? त्याची पोर आता शाळेत जात असेल ना? पण सुरुवात हिमानीनं करावी, अशी ती वाट बघत राहिली. आज जिच्यासाठी सगळ्यांनी नटूनथटून पहाट केली होती त्या नवरीचंही हे दुसरंच लग्न होतं, आणि मंजुषाला ते ठाऊक होतं. टीव्हीतल्या माणसांचं कोणाला काही वाटत नाही.

तिनं हातातली प्लेट टेबलावर ठेवली आणि ती तळ्याच्या दिशेनं चालू लागली. ओल्या गवतात पैठणीचा काठ भिजत होता. मागून उल्का आली.

"मंजू, थांब. ऐक तरी."

"तू भावाकडे गेली होतीस ना फिनिक्सला? त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं."

"ऑपरेशन झालं होतं. खोटं नव्हतं ते."

"उल्का!"

"तिनं मला फोन केला," उल्का म्हणाली. ती रडायच्या बेतात होती. "म्हणाली, मावशी, कोणीच नसलं माझ्या बाजूनं तर मी काय एकटी उभी राहू? मी काय करायला हवं होतं, सांग. नाही म्हणायला हवं होतं?"

"मला सांगायला हवं होतंस."

"शपथ घातली होती तिनं. आणि तू म्हणाली होतीस की पाऊल ठेवणार नाही. माझ्यासमोर म्हणालीस, एकदा नाही, चारदा."

"अगं, मी आई आहे तिची!" मंजुषा इतक्या मोठ्यानं ओरडली की गीज फडफडून पाण्यात उतरले. "आई रागावते. काय वाटेल ते बोलते. राग जातो ना नंतर! एवढं तुला कळू नये? तिला एक वेळ कळणार नाही, तुला कळू नये?"

उल्कानं हात पुढे केला. मंजुषा मागे सरकली. खालच्या आवाजात तिनं विचारलं, "यांना माहीत होतं?"

उल्कानं वर पाहिलं. सत्यजित शेल्टरपाशी उभा होता. दोघी आपल्याकडे बघताहेत हे पाहून तो सावकाश खाली आला. उल्का त्याच्या बाजूनं वर निघून गेली.

"मी गेलो नाही, मंजू," तो म्हणाला.

"पण माहीत होतं."

"हो."

"तुम्हाला बोलावलं होतं तिनं?"

"बोलावलं होतं. मी म्हटलं, तुझ्या आईला घरी ठेवून मी नाही येणार. आणि आईला सांग म्हणून खूप विनवलं तिला. नाहीच म्हणाली."

"कोणता दिवस होता तो? आपण काय करत होतो?"

सत्यजितनं तळ्याकडे बघत सांगितलं. "बर्फ पडला होता खूप. तू थालीपीठं केली होतीस."

मंजुषाला आठवलं. त्या दिवशी त्यानं अर्धं थालीपीठ खाऊन ताट सारलं होतं, आणि गाडीची बॅटरी बघतो म्हणून जो गॅरेजमध्ये गेला तो कितीतरी वेळ आत आलाच नाही. ती दारातून दोनदा ओरडली होती, की चहा गार होतोय. आत आला तेव्हा डोळे लाल होते. थंडीनं, असं म्हणाला होता.

"फोनवर दाखवलं अदितीनं," तो म्हणाला. "सप्तपदीपर्यंत बघितलं. मग नाही बघवलं."

त्याच्यावर चिडायचं होतं. ते तिला जमेना. गॅरेजमध्ये गार पडलेल्या गाडीत बसून मुलीचं लग्न बघणारा हा माणूस आणि दोन भिंतींपलीकडे परातीत पीठ मळणारी आपण, एवढंच चित्र तिच्या डोळ्यांपुढून हलेना. ती बाकावर बसली आणि पदर तोंडात धरून रडली.

वर टाळ्या पडल्या. लग्न लागलं होतं. जांभळ्या हॅटवाल्या आजी काठी टेकत खाली आल्या, त्यांनी पर्समधून टिश्यू काढून मंजुषाच्या हातात दिला आणि तिच्या खांद्यावर थोपटलं. "मलाही लग्नात रडू आवरत नाही, हनी," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "किती सुंदर दिसत होती, नाही?"

"येस," मंजुषा म्हणाली. "व्हेरी ब्यूटिफुल."

मंडळी हळूहळू पांगली. शिवांगी रडवेली होऊन "काकू, मला खरंच माहीत नव्हतं" असं म्हणून गेली. मंजुषानं तिच्या गालावरून हात फिरवला. त्या पोरीचा काय दोष? उल्का आणि मनोहर टीव्ही गाडीत घालून निघून गेले. निरोप घ्यायला कोणी कोणाकडे आलं नाही.

मंजुषा बाकावरच बसून राहिली. चँडलर तीन तास मागे, तिथे अजून उजाडायचं होतं. उजाडलं असेल असं वाटल्यावर तिनं फोन लावला.

"हॅलो, हू इज धिस?" फोन एका लहान मुलीनं उचलला होता.

"मी... आय ॲम हिमानीज मदर."

"ओके." मग फोन हातात धरून पळण्याचा आवाज, आणि हाक. "हिमाऽनी! युअर मॉम!"

"आई?" हिमानीचा आवाज घाबरलेला होता. "बाबा बरे आहेत ना?"

"बरे आहेत. इथेच आहेत."

फोन त्या पोरीनं उचलला होता. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं, हे दोघींनाही कळत होतं.

"तू काय नेसली होतीस?" मंजुषानं विचारलं.

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "पिवळी. मावशीनं आणली होती. आणि नंतर हिरवा शालू."

"केसांत गजरा?"

"मिळाला नाही इथे. गुलाबाची फुलं होती, पांढरी." ती थांबली. "आई, फोटो पाठवू?"

"नको. आत्ता नको." मंजुषानं फोन दुसऱ्या कानाला लावला. "मी आले असते गं. तू एकदा बोलवायचंस तरी."

"मी खूप विचार केला, आई. ऑनेस्टली. तू येणार नाहीस याची मला भीती नव्हती." हिमानी आता रडत नव्हती, शांतपणे, बऱ्याच दिवसांपासून ठरवून ठेवल्यासारखं बोलत होती. "तू येशील आणि तो चेहरा करून बसशील, याची भीती होती. मला त्या दिवशी तो चेहरा नको होता. अनीशच्या मुलीनं तो बघायला नको होता. सॉरी."

तो चेहरा मंजुषानं स्वतः कधी पाहिला नव्हता. पण आहे, हे तिला माहीत होतं.

"सुट्टीत ये ना," हिमानी म्हणाली. "तू आणि बाबा. घर मोठं आहे, गेस्ट रूम आहे." मग मागून काहीतरी सांडल्याचा आवाज आला. "आई, ठेवते हं, हिचं दूध सांडलं. संध्याकाळी करते फोन. नक्की."

गेस्ट रूम. पाहुण्यांची खोली. मंजुषानं फोन मांडीवर ठेवला.

ती वर आली तेव्हा शेल्टरच्या बाहेर एक कुटुंब फुगे आणि केकचा खोका घेऊन उभं होतं. दुपारचं बुकिंग त्यांचं होतं. घाई नाही, तुमचं होऊ द्या, असं ते हसून म्हणाले. सत्यजितचं खुर्च्या गाडीत भरून झालं होतं. तो तिच्यासाठी दार उघडून थांबला.

"तुम्ही व्हा पुढे," ती म्हणाली. "मी येते चालत."

"एवढं लांब? पैठणीत?"

"हो."

तो गेला नाही. मंजुषानं पदर खोचला, पेपर टॉवेल ओला केला आणि टेबलावर सांडलेला चहा, चटणीचे डाग, वड्यांचा चुरा असं सगळं नीट पुसायला घेतलं. दुसऱ्यांच्या वाढदिवसाला टेबल स्वच्छ मिळायला हवं होतं.