मॅन्शनमागची शीळ

चिपळूणच्या रत्नाकरची बँकेने मद्रासला बदली केली, तेव्हा तो तिरुवल्लिकेणीतल्या एका मॅन्शनमध्ये राहू लागला. मॅन्शन म्हणजे बिनलग्नाच्या नोकरदारांनी भरलेली तीन मजली इमारत. शेजारी तंजावरकडचे मराठी गृहस्थ प्रतापसिंह आणि त्यांची मुलगी भवानी राहत.

ऑक्टोबरात एक भानगड झाली. भवानी संध्याकाळी सहाला टेलिफोन ऑफिसातून परतली, की मॅन्शनच्या बाजूने शीळ यायची. दोन सुरांची, अगदी सराईत. आठवडाभर तिने सोसलं, मग वडिलांना सांगितलं.

प्रतापसिंहांनी सगळ्या बिऱ्हाडकरूंना अंगणात उभं केलं.

"एकेकाने शीळ घाला. भवानी ओळखेल."

एकाने घाबरून इतकी लांब शीळ घातली की रस्त्यावरची रिक्षा थांबली. रत्नाकरच्या तोंडून नुसती फुंकर निघाली, तीही ओली. प्रतापसिंहांनी चष्मा पुसला.

"अप्पा, हे नव्हेत," भवानी म्हणाली.

तेवढ्यात इमारतीच्या मागून शीळ आली.

"ही."

सगळे मागे धावले. मालक झाडूवाला ठेवत नसे, त्यामुळे विहिरीजवळ बदामाच्या पानांचा घोटाभर थर साचला होता. त्यात एक आखूड शेपटीचा पक्षी पानं उलटीपालटी करत होता. पाठ हिरवी, खांद्यावर निळा ठिपका, डोळ्यावर काळी पट्टी, शेपटीखाली लालभडक. त्याने एक गांडूळ ओढून गिळलं, मान वर केली आणि भवानीकडे बघून शीळ घातली.

"हा नवरंग," रत्नाकर म्हणाला. "पावसाळ्यात आमच्याकडे असतो. थंडीत दक्षिणेला येतो."

"आम्ही आरुमणि कुरुवी म्हणतो, सहा वाजताची चिमणी," प्रतापसिंह म्हणाले. "तुमच्याकडचा का? मग तुम्हीच समजवा त्याला."

रत्नाकर खरोखरच पुढे झाला. "हे बघ, इथे घरंदाज लोक राहतात," तो पक्ष्याला म्हणाला. भवानीला हसू आवरेना. पक्षी टुणटुण उड्या मारत पानांत शिरला.

दुसऱ्या दिवशी प्रतापसिंह खुर्ची घेऊन विहिरीपाशी हजर. मग रोजच. पानं झाडायची नाहीत, मोठ्याने बोलायचं नाही, पत्ते कुटायचे नाहीत, सिगारेट तर नाहीच, असा त्यांचा कायदा. वडीलधारा माणूस बसलेला म्हटल्यावर पोरांना गुडघ्यावर दुमडलेल्या लुंग्यासुद्धा घोट्यापर्यंत खाली सोडून वावरावं लागे.

एप्रिलात नवरंग उत्तरेला गेला. मॅन्शनने सुटकेचा निःश्वास सोडला. संध्याकाळी प्रतापसिंह आले, रिकामी पानं बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "आता पत्ते तरी काढा कोणी."