खरवडलेली टोकं

कॉटन ग्रीनच्या गोदामांमागे दौलत सावंतचा मोटार रिवाइंडिंगचा गाळा होता. मोटारीतली जळकी वायंडिंग, म्हणजे तारेची वेटोळी, उपसून नवी भरण्यात त्याची चाळीस वर्षं गेली, पण पोटच्या पोरीने पाठवलेलं काम त्याच्या हाती पहिल्यांदाच आलं होतं.

अनुजा चार वर्षं स्वीडनला होती. तिथल्या प्रयोगशाळेत तिने तांब्याच्या तारेवर कार्बनचा पातळ थर चढवला होता. त्यातून वीज सुखाने वाहावी आणि मोटार कमी तापावी म्हणून. साध्या कारागिराच्या हाती हा थर टिकतो का ते पाहायला तिने रीळ थेट बापाकडे धाडलं. मोटार थंड चालली तर तिचं काम आणखी तीन वर्षं चालणार होतं. नाही चालली तर ते बंद, आणि अनुजा गणपतीला घरी.

दौलतने मन लावून वायंडिंग भरली. लबाडी त्याच्या मनातही आली नाही, पण हाताने घात केला. थरावरचं वॉर्निश सोबतच्या बाटलीतल्या औषधाने काढा, खरवडू नका, असं तिने दोनदा बजावलं होतं. पण जोड मारण्याआधी टोक ब्लेडने लख्ख करायचं, ही त्याची जन्माची खोड. काळा थर हाताला मळच वाटला. सहाही टोकं त्याने साफ खरवडली, आणि मोटार जोडांशी अशी तापली की बोट ठेववेना.

त्याने कळवलेलं तापमानाचं रीडिंग पाहून अनुजाचा फोन आला. "काम बंद होणार, बाबा. मी येते."

तिचा आवाज रडवेला होता, आणि दौलतला मेल्याहून मेल्यासारखं व्हायच्या ऐवजी आनंद झाला. फोन ठेवून त्याने मोटार खोलली. टेबलावर टोकांवरून खरवडलेला काळा कीस पडला होता. चूक कुणाची ते त्याला तिथेच कळलं, तरी त्याने तिला उलट फोन केला नाही. संध्याकाळी त्याने लालबागहून तिच्या खाटेसाठी नवी गादी आणली.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरून त्यानेच फोन लावला. "वायर चांगली आहे गं. टोकं मी खरवडली. नवं रीळ पाठव, नीट भरतो."

"कधी कळलं तुम्हाला?"

"काल. तुझा फोन ठेवल्यावर."

"मग कालच का नाही सांगितलंत, बाबा?"

दौलत गादीच्या कडेला टेकला.

"काल तू येते म्हणालीस ना," तो म्हणाला. "एक दिवस तरी तुला येऊ दिलं."